स्टीलला आरसा आणला, धुतला की परत लाइनी दिसतात? बफ नका बदलू, घासायचा पेपर बघा

घरी स्टेनलेस स्टीलचे पार्ट मिरर करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच असते. रात्री ट्यूबलाइटखाली पार्ट एकदम आरसा दिसतो, फोटो काढून ग्रुपवर जातो, आणि सकाळी भांड्याच्या साबणाने धुवून गॅलरीत उन्हात धरला की सगळीकडे बारीक लाइनी, मधेच एखादा धुरकट पट्टा. मग परत बफ (मोटरवर फिरणारं पॉलिशचं चाक), परत हिरवी वडी (बफला लावायचा पॉलिशचा साबण), परत चमक, परत धुतलं की तेच रडगाणं. बाइकचा लेगगार्ड असो, सायकलचे स्टँड-कॅरिअर असो, घड्याळाची कडी असो नाहीतर डब्याचं झाकण, प्रकार हाच. आणि मग लोक महागडा बफ आणतात, दुसऱ्या कंपनीची वडी आणतात, मोटर बदलतात, पण लाइनी जशाच्या तशा.

त्या लाइनी परत येत नाहीत, त्या गेलेल्याच नसतात. बफिंगच्या या साबणात, म्हणजे वडीत, मेण आणि चरबी असते, ती बारीक चरांमध्ये जाऊन बसते आणि चर भरल्यासारखे दिसतात. त्यात ट्यूबलाइटचा उजेड पसरट, त्यात चरे दिसतच नाहीत. साबणाने धुतलं की मेण निघालं, ऊन एका जागेवरून येतं म्हणून प्रत्येक चर चमकून उठतो. म्हणजे बफने लाइनी काढल्याच नव्हत्या, झाकल्या होत्या. त्यामुळे पहिली सवय ही लावून घ्या की बफ झाल्यावर तपासणी ट्यूबलाइटखाली करायचीच नाही. पार्ट स्पिरिटने नाहीतर थिनरने पुसा, खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, पार्टला जवळजवळ चिकटून मारा. जे दिसेल ते खरं. आणि हीच तपासणी बफ लावायच्या आधी घासायच्या पेपरच्या (सँडपेपरच्या) प्रत्येक नंबरनंतर करा, नव्वद टक्के डोकेदुखी तिथेच संपते.

आता आकडे सांगतो म्हणजे पटेल. पी ४०० नंबरच्या पेपरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी ६०० चा २६, पी ८०० चा २२, पी १२०० चा १५ आणि पी २००० चा १० च्या आसपास. हिरव्या वडीतला क्रोमियम ऑक्साइडचा कण एक मायक्रॉनच्याही खाली असतो. म्हणजे ४०० वरून थेट बफवर उडी मारणारा माणूस ३५ मायक्रॉनच्या कणाने पाडलेला चर एक मायक्रॉनपेक्षा बारीक कणाने काढायला बघतोय, ते दिवसभर बसलं तरी होत नाही. होतं काय, तर चराच्या कडा गोल होतात, लांबून चमक येते आणि आपल्याला वाटतं झालं. कडा गोल झालेला चर उलट जास्त त्रास देतो कारण तो टॉर्चमध्येही पटकन पकडता येत नाही.

पेपरच्या नंबरात अजून एक मोठी भानगड आहे आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. पेपरच्या पाठीवर नंबराच्या आधी पी छापलेला असेल तर ते मोजमाप वेगळं आणि नुसता नंबर असेल तर बऱ्याचदा ते जुनं अमेरिकन मोजमाप असतं. २२० च्या आसपासपर्यंत दोन्ही जवळजवळ सारखेच, पण पुढे फरक वाढत जातो. नुसता ४०० म्हणजे साधारण पी ८०० एवढा बारीक, आणि नुसता ६०० म्हणजे पी १२०० च्या जवळ. आता विचार करा, तुम्ही एका दुकानातून नुसता ४०० आणला आणि दुसऱ्या दुकानातून पी ६००, तर ४०० नंतर ६०० मारताना तुम्ही पुढे जात नाही आहात, थोडे मागे येताय, नवीन जाड लाइनी पाडताय. ठाणे स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात "वॉटर पेपर द्या सगळे नंबर" म्हटलं की दादा हाताला येईल त्या गठ्ठ्यातून देतो, त्यात दोन-तीन कंपन्यांचा माल सहज मिसळलेला असतो. त्यामुळे पाठ वाचून घ्या, सगळे एकाच कंपनीचे घ्या आणि शक्यतो सगळे पी वाले घ्या.

क्रम माझा असा असतो: पार्टवर खोल ओरखडे किंवा वेल्डचा टाका असेल तर पी १८० नाहीतर २४० ने सुरुवात, नुसता मॅट नाहीतर हेअरलाइन (एकाच दिशेच्या बारीक रेघांचा) फिनिश असेल तर पी ३२० ने, मग ४००, ६००, ८००, १२००, २०००. पी ४०० पासून पुढे पाण्यात घासायचं, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलायची. ३२० उभा मारला तर ४०० आडवा, परत ६०० उभा. आडवा घासताना उभ्या लाइनी एकसुद्धा दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही, आणि दिसेनाशी झाल्यावरही अजून तेवढाच वेळ घासायचं. हे जास्तीचं घासणं लोकांना फुकटचं काम वाटतं, पण चराचा तळ हा वरच्या तोंडापेक्षा अरुंद असतो, तोंड गेलं तरी तळ शिल्लक राहतो आणि नेमका तोच बफनंतर डोकं वर काढतो. गोल पाइपला दिशा बदलणं अवघड असतं, तिथे एक नंबर पाइपच्या लांबीत आणि पुढचा नंबर पट्टी करून बूट पुसतात तसा आडवा ओढायचा.

आणि पेपर बोटाने दाबून घासू नका, निदान सपाट भागावर तरी नाही. बोटाच्या दाबाने पृष्ठभागावर लाटा पडतात, मग मिरर झाल्यावर चेहरा जत्रेतल्या आरशासारखा वेडावाकडा दिसतो आणि तो दोष बफने कधीच जात नाही. रबराचा किंवा लाकडाचा छोटा ठोकळा घ्या, पेपर त्याला गुंडाळा.

सगळे पेपर नीट मारले, टॉर्चने तपासलं, तरी बफनंतर एकटी-दुकटी खोल लाइन दिसते, तीही वळणावळणाची? मग ती पेपरची नाही, कुठून तरी आलेल्या एखाद्या कणाची आहे. इकडे ठाण्यात हा त्रास जास्तच होतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको, मेट्रोचं काम आणि रस्त्यांची खोदकामं यामुळे गॅलरीत सकाळी पुसलं तरी संध्याकाळी बोटाला धूळ लागते, आणि त्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतला क्वार्ट्झ आपल्या स्टीलपेक्षा कडक. तो कण कापडी बफवर बसला की बफ फिरताना तोच पार्टवर रेघ ओढतो. म्हणून पेपर बदलताना पार्ट धुवा, हात धुवा, पाणी बदला, खाली अंथरलेला कागद बदला. १२०० च्या पाण्यात ३२० चा एक कण राहिला तरी अख्खी मेहनत पाण्यात. आणि बफ वापरून झाला की तो झिप पाऊचमध्ये ठेवायचा, उघडा खिळ्याला टांगून ठेवायचा नाही.

आता बफकडे येतो. एका वडीला एक बफ, हा नियम मोडायचा नाही. काळी वडी म्हणजे एमरीची, ती जाड कापते. पांढऱ्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड, हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड, या दोन स्टीलच्या. तपकिरी ट्रिपोली ही पितळ, तांबं, ॲल्युमिनियमसाठी, स्टीलवर तिने काही होत नाही. लाल रूज सोन्या-चांदीची. ज्या बफला एकदा काळी वडी लागली तो आयुष्यभर काळ्याचाच, त्यावर नंतर हिरवी कितीही घासा, आतले जाड कण बाहेर येत राहणार. बफच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, महिन्याभराने आठवत नाही. पहिला हात सिसलचा, म्हणजे त्या काथ्यासारख्या दोऱ्याचा बफ, त्यावर काळी नाहीतर पांढरी. मग शिवलेला कापडी, आणि शेवटी मोकळा सुती बफ हिरव्या वडीबरोबर. पी २००० पर्यंत नीट गेला असाल तर सिसलची गरजही पडत नाही, थेट कापडी लावा.

पहिल्या बफला पार्ट बफच्या फिरण्याच्या उलट दिशेने ओढायचा, दाब मध्यम. त्याने कापतं. शेवटच्या हाताला बफ फिरतो त्याच दिशेने, अगदी हलक्या हाताने. बरेच जण शेवटपर्यंत दाबूनच धरतात आणि मग धुरकटपणा जात नाही म्हणून अजून दाबतात.

धुरकटपणाचं दुसरं कारण स्पीड. बफचं काम बाहेरच्या कडेच्या वेगावर चालतं, मोटरच्या आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) नाही. ड्रिल मशीनला ३००० आरपीएमवर ७५ मिमीचा छोटा बफ लावला तर कडेचा वेग मिनिटाला साधारण ७०० मीटर येतो, स्टीलसाठी तो कमीच, तासन् तास लागतात आणि मजा येत नाही. २८०० आरपीएमच्या बेंच ग्राइंडरला २०० मिमीचा बफ लावला तर तोच वेग सुमारे १७५० मीटर, तिथे स्टील बोलायला लागतं. उलट बाजूला ११००० आरपीएमच्या हँड ग्राइंडरवर १०० मिमीचा बफ लावला तर ३४५० मीटरच्या पुढे जातं, पार्ट तापतो, मेण जळतं, आणि बफवर लिहिलेली आरपीएमची मर्यादा त्यापेक्षा कमी असेल तर बफ फुटू शकतो. हँड ग्राइंडरच वापरायचा असेल तर स्पीड कमी-जास्त होणारा घ्या.

तापण्याचं स्टीलमध्ये जास्त सांभाळावं लागतं. तांब्यातून उष्णता जितक्या भराभर पसरते त्याच्या पंचवीसाव्या हिश्श्याने स्टेनलेसमधून पसरते, म्हणजे जिथे घासलं तिथेच ती साचते. पातळ झाकणाची कड किंवा पट्टीचं टोक बघता बघता पिवळसर होतं, मग तपकिरी, मग निळं. फिकट पिवळा रंग ३०० अंशाच्या जरा आधीच दिसायला लागतो आणि निळा ५४० च्या आसपास, यावरून समजा किती तापवलंय ते. तो रंग बफने वरवर जातो, पण खोल निळं झालं असेल तर त्या जागेचं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. पी ४०० वर परत जा, तेवढा भाग नीट उतरवा. हाताला चटका बसायला लागला की पार्ट बाजूला ठेवायचा, पाण्यात बुडवायचा, तोवर दुसरा घ्यायचा.

संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे-उंचवटे दिसत असतील तर ते जास्त दाब आणि जास्त वेळ मऊ बफ मारल्याचं लक्षण. अजून बफ केलात तर ते वाढतात. मागे पी ६०० वर जा, ठोकळ्यावर सपाट करा, मग पुढे. भोकाच्या शेजारी धूमकेतूसारख्या शेपट्या ओढल्या जात असतील तर पार्ट एकाच दिशेने धरलाय, जरा फिरवत राहा.

काळपट तेलकट थर म्हणजे वडी जास्त झाली. हे सगळ्यात सोपं. मोटर बंद करून बफ थंड होऊ द्या, मग चालू करून जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने बफची कड खरवडा, साचलेला गोळा निघून येतो. वडी अर्धा सेकंद टेकवायची, बस. पार्टवरचा थर काढायला साधं कॉर्नफ्लोअर घ्या, मऊ कापडावर घेऊन हलकं पुसा, ते मेण ओढून घेतं. रांगोळी नको, त्यात दगडाची पावडर असते.

आता एक गोष्ट जी खरं तर सगळ्यात आधी बघायला हवी: पार्ट स्टेनलेस आहे ना? बाइकचे बरेच चमकदार पार्ट साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेले असतात. त्यावर पेपर मारला की मुलामा गेला, खाली निकेल दिसतं, मग लोखंड, मग गंज, त्यावर घरी उपाय नाही. चुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर लोखंड असेल किंवा ४३० ग्रेडचं स्टेनलेस, जरासा ओढला गेला तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस असू शकतं कारण वाकवलेल्या, ठोकलेल्या ३०४ मध्ये थोडं चुंबकत्व येतं. घट्ट चिकटणाऱ्या पार्टच्या आतल्या बाजूला, बोल्टच्या भोकाच्या कडेला बघा. क्रोम असेल तर तिथे पापुद्रा किंवा गंजाचा ठिपका सापडतोच.

३०४ आणि २०२ हे दोन ग्रेड मात्र चुंबकाने ओळखता येत नाहीत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल वाचवून मँगनीज घातलेलं, ४ ते ६ टक्केच निकेल. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या रेलिंगमध्ये २०२ भरपूर आहे. आरसा दोघांनाही येतो, टिकतो ३०४ वर. स्टीलवाल्याकडे केमिकलचा थेंब टाकून बॅटरी लावायची टेस्ट असते, लाल रंग आला की मँगनीजवालं. नवीन माल घेताना समोर करून मागा.

"मिरर केला आणि आठवड्यात तांबूस ठिपके आले" ही ऐरोली, वाशी, कोपरखैरणेची खास तक्रार. खाडीवरची हवा खारी, त्या मिठातलं क्लोराइड पृष्ठभागावर बसतं. पण पहिला संशय तुमच्या हत्यारावर घ्या. लोखंडावर वापरलेला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) स्टेनलेसवर वापरली की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात, स्टील नाही. शेवटी सायट्रिक ॲसिड वापरा, किराणावाल्याकडे लिंबूफूल म्हणून मिळतं. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, पार्ट आधी तेलकटपणा काढून स्वच्छ धुतलेला हवा. अर्धा तास ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरडा करा. रुतलेलं लोखंड विरघळतं आणि क्रोमियम ऑक्साइडचा थर नीट धरतो, गंज न लागणं ही सगळी त्या थराची करामत. स्वस्तातल्या ग्रेडचा भरवसा नसेल तर आधी मागच्या कोपऱ्यावर करून बघा. धुवायला टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि लोक त्यालाच धुरकटपणा समजून परत बफला बसतात.

आणि लादी धुवायच्या ॲसिडची बाटली त्याच कपाटात ठेवू नका. बूच घट्ट असलं तरी वाफ सुटते, ती हायड्रोक्लोरिक, मिरर स्टीलवर तिचे ठिपके पडतात. बाथरूमचे नळ त्यानेच खराब होतात. ब्लीचिंग पावडरही लांब.

सेफ्टीचं कळकळीने सांगतो कारण घरात पोरं असतात. पार्ट नेहमी बफच्या मध्याच्या खाली धरायचा, कड वरच्या बाजूला धरलीत तर बफ पार्ट ओढून तुमच्याच अंगावर फेकतो. सैल सुती हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, काहीच नको. छोटा पार्ट बोटात नाही, चामडं लावलेल्या पकडीत. गॉगल आणि एन-९५ मास्क हवाच, बफची धूळ बारीक असते आणि ती उडून घरभर जाते, त्यामुळे हॉलमध्ये हे काम नकोच. बफचा कापूस आणि मेण जमिनीवर साचतं, शेजारी ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडवू नका, पेटतं. दुपारी दोन ते चार मोटर लावली नाहीत तर खालच्या काकूही खूश राहतात.

लेगगार्डपेक्षा मोठं काही असेल, म्हणजे पूर्ण रेलिंग किंवा सिंकचा आतला भाग, तर घरच्या बेंच ग्राइंडरवर ते जमत नाही, मशीन पार्टपर्यंत न्यावं लागतं. त्याला वागळे इस्टेटमध्ये नाहीतर रबाळे-महापे पट्ट्यात जॉबवर्क करणारे छोटे बफिंगवाले आहेत. त्यांना नुसतं "मिरर करा" म्हणू नका, कारण तेही वरवर बफ मारून देऊ शकतात. कुठल्या नंबरपर्यंत पेपर मारणार ते विचारा, आणि माल घेताना खिशात स्पिरिटचा बोळा ठेवा, तिथेच एक कोपरा पुसून आडवा टॉर्च मारा. मग भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर पार्ट धरा, हातभर अंतरावरून तारीख उलटी पण ठळक वाचता येते का बघा, आणि तारखेखालची बारीक अक्षरंसुद्धा. ती फुटलेली दिसत असतील तर पैसे द्यायच्या आधीच परत करायला सांगा.